रविवारच्या उपासनेत पवित्र शास्त्र क्रमाने शिकवावे की विषय निवडून?

वचनवाचक

सर्व सभासदांना प्रभूमध्ये नमस्कार.

साप्ताहिक उपासनेतील शिक्षणाविषयी एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो आहे, आणि माझे मतही सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे चर्चा आडवळणाने जाणार नाही. मंडळीला पवित्र शास्त्र खरोखर शिकवायचे असेल, तर त्यातील एखादे पुस्तक हाती घेऊन ते आरंभापासून शेवटापर्यंत, रविवारमागून रविवार, क्रमाने वाचून समजावणे हाच मुख्य मार्ग असावा असे मला वाटते. विषय निवडून दिलेल्या संदेशांनी त्याला जोड द्यावी, त्याची जागा घेऊ नये.

ही पद्धत नवी नाही. जुन्या करारातील नहेम्या या पुस्तकाच्या 8 व्या अध्यायात एज्रा शास्त्री पाणीवेशीसमोरच्या चौकात लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लोक उभे राहून ऐकतात आणि लेवी, म्हणजे मंदिरसेवेसाठी नेमलेल्या वंशातील लोक, वाचलेल्याचा अर्थ त्यांना समजावून सांगतात. नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने यशयाचा ग्रंथ उघडून वाचला, तो गुंडाळून सेवकाला परत दिला आणि मग बसून शिकवले. सुमारे 155 साली रोममध्ये लिहिणाऱ्या हुतात्मा जस्टिनने रविवारच्या सभेचे जे वर्णन केले आहे, त्यातही प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ पुरेल तोवर वाचले जातात, त्यानंतर सभेचा प्रमुख बोध करतो, मग सर्वजण उभे राहून प्रार्थना करतात, भाकर व द्राक्षारस आणले जातात, आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांची काळजी घेतली जाते. यात वाचनाचा मान बोधाच्या आधी आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पुढे चौथ्या शतकातील प्रसिद्ध उपदेशक जॉन क्रिसोस्टमने अंत्युखियात मत्तयाचे शुभवर्तमान घेऊन 90 प्रवचने दिली. स्विस धर्मसुधारक झ्विंग्लीने 1 जानेवारी 1519 रोजी झुरिकमध्ये ठरलेली तुटक वाचने बाजूला ठेवून मत्तयाच्या पहिल्या अध्यायापासून शिकवायला सुरुवात केली. धर्मसुधारक कॅल्व्हिनला 1538 साली जिनीव्हातून घालवून देण्यात आले होते. 1541 साली त्याच शहराने त्याला परत बोलावले, तेव्हा व्यासपीठावरून त्याने झालेल्या अन्यायाचा पाढा वाचला नाही, तर जिथे तो थांबला होता त्याच्या पुढच्याच भागापासून विवरण चालू केले. शिकवणाऱ्याच्या मनातील रागलोभाला क्रम किती आवर घालतो, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

आता प्रत्यक्ष वचनाकडे येतो. मार्क 4:35-41 मधील वादळाचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. हा उतारा एकटा उचलला की संदेश बहुधा एकाच दिशेने जातो: आपल्या जीवनात वादळे येतात, येशू मचव्यात असला की ती शांत होतात. यात खोटे काही नाही. पण मार्क जे सांगतो आहे ते एवढेच नाही. मार्क म्हणतो की वारा पडला, पाणी निवांत झाले, आणि त्यानंतर शिष्यांना मोठी भीती वाटली. वादळातील भीतीपेक्षा शांततेतील भीती मोठी आहे, कारण आता प्रश्न लाटांचा उरलेला नाही. वारा व समुद्रही ज्याचे ऐकतात तो हा आहे तरी कोण, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा आहे. योनाच्या पहिल्या अध्यायातही हेच घडते. योना तळाशी झोपलेला असतो, समुद्र शांत होतो आणि त्यानंतर खलाशांना परमेश्वराचे अतिशय भय वाटते. मार्कच्या 5 व्या अध्यायात मचवा पलीकडच्या काठाला लागतो. तिथे भुते लागलेला माणूस शुद्धीवर येऊन बसलेला पाहून लोक पुन्हा घाबरतात आणि येशूला आमच्या प्रांतातून निघून जा अशी विनंती करतात. क्रमाने वाचणाऱ्या मंडळीला ही दोन भये शेजारी शेजारी दिसतात: एका भयाने शिष्य त्याच्याविषयी विचारू लागतात, दुसऱ्याने लोक त्याला दूर सारतात. सुटा उतारा ऐकणाऱ्याच्या पदरात हे पडत नाही.

आपापल्या मंडळीत काय चालते, त्याचे लाभ व उणिवा काय आहेत, हे सविस्तर लिहावे अशी विनंती.

दिलासा

वचनवाचक यांचा मुद्दा पटतो, परंतु तो पूर्ण वाटत नाही. ज्या आठवड्यात मंडळीतील एखाद्या तरुणाचा अचानक मृत्यू झालेला असतो, त्या रविवारी पाळकांनी ठरलेला अध्याय तसाच पुढे न्यायचा का? कोणाचे घर मोडते आहे, कोणी व्यसनाशी झुंजतो आहे, कोणाची नोकरी गेली आहे. अशा माणसाला आपल्या प्रश्नावरचे वचन आज हवे असते, पुस्तक तिथवर पोहोचेपर्यंत त्याने वाट पाहावी असे आपण म्हणू शकत नाही. पौलाची पत्रेसुद्धा मंडळ्यांच्या गरजा व प्रश्न समोर ठेवून लिहिलेली आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 7 व्या अध्यायाची सुरुवातच तुम्ही ज्या गोष्टींविषयी लिहिले त्यांविषयी, अशी आहे. तेव्हा प्रश्न घेऊन वचनाकडे जाणे हीदेखील शास्त्राचीच रीत आहे.

वर्षचक्र

आमच्या मंडळीत वाचने पाळक निवडत नाहीत आणि क्रमाने एकच पुस्तकही घेतले जात नाही. वर्षभराच्या वाचनांची ठरलेली यादी असते. रोमन कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1969 साली तीन वर्षांचे चक्र सुरू केले, आणि त्याच धर्तीवर अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या 1992 साली सिद्ध झालेली संयुक्त यादी वापरतात. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक असा मुख्य ओघ असतो आणि योहान विशेषतः उपवासकाळात (पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या काळात) व पुनरुत्थानाच्या काळात येतो. प्रत्येक रविवारी जुन्या करारातून एक वाचन, एक स्तोत्र, पत्रांतून एक वाचन आणि शुभवर्तमान असे चार भाग होतात.

याचा मोठा लाभ असा की संदेश देणारा कसाही असो, मंडळीच्या कानावर वचन भरपूर पडते. आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांपासून, पुढे येशूच्या जन्माचा, दुःखसहनाचा, पुनरुत्थानाचा व आत्म्याच्या दानाचा प्रवास दरवर्षी होतो, त्यामुळे कोणत्याही विषयाच्या नादात सुवार्तेचा गाभा सुटत नाही. उणीवही प्रामाणिकपणे सांगते. तुकडे निवडताना पुष्कळ काही गळते. 1992 च्या यादीत शास्ते हे पुस्तक रविवारी नावापुरतेच येते, आणि चार वाचने झाल्यावर संदेश बहुधा शुभवर्तमानावरच होत असल्याने जुन्या कराराचे वाचन उलगड्याविना राहून जाते. मात्र उत्तर म्हणून यादी टाकून द्यावी असे मला वाटत नाही. उपवासकाळात एखादे वर्ष फक्त पहिल्या वाचनावर संदेश द्यावेत, असे आमच्याकडे सुचवले गेले आणि ते मंडळीला रुचले.

वचनवाचक

दिलासा, मंडळी शोकात असताना क्रम थांबवणे हे पाळकाचे कर्तव्यच आहे, याविषयी माझे दुमत नाही. माझी चिंता वेगळी आहे. विषय निवडणारा माणूस वर्षानुवर्षे एकच असला की त्याला जे सुचते, आवडते आणि बोलणे सोपे जाते, त्याच परिघात मंडळी फिरत राहते. आपण ज्या करिंथकरांस पत्राचा उल्लेख केला, तेच क्रमाने वाचायला घेतले तर गटबाजी, कोर्टकज्जे, वैवाहिक जीवन, श्रीमंत-गरीब भेद, मृतांचे पुनरुत्थान हे सारे समोर येते, आणि त्यांपैकी निदान दोन-तीन विषय असे असतात की ते कोणी आपणहून निवडले नसते. शिवाय पाळकाने एखाद्या रविवारी पैशाविषयी बोलले तर ते कोणाला उद्देशून, अशी कुजबुज होत नाही. पुढचा उतारा तोच होता, हे सर्वांना ठाऊक असते.

वर्षचक्र, चार वाचने असूनही ती कानावर येऊन निघून जातात, ही अडचण आपण नेमकी टिपली आहे.

मंचावरून

मी उपासनेत शास्त्रपाठ वाचण्याची सेवा करतो, म्हणून त्याविषयीच लिहितो, कारण या कामाला आपण फार कमी लेखतो. पुष्कळदा आयत्या वेळी कोणाच्यातरी हाती पुस्तक दिले जाते, तो अडखळत वाचतो, आणि मग मंडळीही संदेशाची वाट पाहत ते वाचन कसेबसे सहन करते. पौलाने तीमथ्याला बोध व शिक्षण यांच्या आधी वाचनाकडे लक्ष लावायला सांगितले आहे (1 तीमथ्य 4:13), आणि कलस्सैकरांस लिहिलेले पत्र लावदिकीयातील मंडळीतही वाचले जावे अशी सूचना दिली आहे. पहिल्या श्रोत्यांपैकी बहुतेकांनी ही पत्रे डोळ्यांनी वाचलीच नव्हती. ती कोणीतरी मोठ्याने वाचली म्हणून त्यांना मिळाली.

तयारी म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. उतारा 'मग तो तेथून निघाला' अशा वाक्याने सुरू होत असेल, तर 'तो' कोण आणि 'तेथून' म्हणजे कोठून हे श्रोत्याला कळत नाही. अशा वेळी मागच्या एक-दोन वचनांपासून आरंभ करावा. संवाद असेल तर कोण बोलतो आहे हे आवाजाच्या उतारचढावातून कळावे, पण नाटक होऊ नये. नहेम्या 8 मध्ये एज्राच्या उजव्या-डाव्या बाजूला उभे असलेल्यांची नावे आहेत. ती आदल्या दिवशी मोठ्याने म्हणून पाहिली नाहीत तर तिथे हमखास जीभ अडखळते, आणि मग वाचक घाईघाईने ती उरकतो. ती माणसे त्या दिवशी तिथे उभी राहिली म्हणून त्यांची नावे लिहिली गेली. त्यांना तेवढा मान द्यायला हवा. वाक्य कुठे संपते, श्वास कुठे घ्यायचा, हे पेन्सिलीने खुणा करून ठरवावे. वाचताना स्वतःची टिप्पणी घालू नये. वाचन संपल्यावर चार-पाच श्वास शांत थांबावे आणि मगच आपल्या जागी जावे.

माझा अनुभव असा की वाचन नीट झाले तर संदेश देणाऱ्याचे अर्धे काम तिथेच होते.

शोधक

मी आपल्यात नवा आहे आणि माझ्या घरी ख्रिस्ती परंपरा नाही. उपासनेला येऊ लागलो तेव्हा मला गीते आवडली, माणसांनी आपुलकीने विचारपूस केली, परंतु संदेशातील संदर्भ डोक्यावरून जात होते. 'अब्राहामाप्रमाणे', 'दाविदासारखे' असे म्हटले जाई आणि सर्वांना ते ठाऊक आहे असे गृहीत धरले जाई. मंडळीने लूकचे शुभवर्तमान पहिल्यापासून घेतले तेव्हा प्रथमच मला हात धरून कोणी आत नेत आहे असे वाटले. एक प्रश्न आहे. संदेशाच्या वेळी प्रश्न विचारता येत नाहीत, मग न समजलेले कुठे विचारावे?

अभ्यासगट

शोधक, आपला प्रश्न फार मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर आठवड्याच्या मधल्या पवित्र शास्त्र अभ्यासात आहे. बिरुयातील लोकांनी पौलाचे शिक्षण उत्सुकतेने स्वीकारले आणि ते तसेच आहे की नाही हे पाहण्यासाठी ते दररोज शास्त्र शोधून पाहत होते. लूकने त्यासाठी त्यांची प्रशंसा केली आहे (प्रेषितांची कृत्ये 17:11). प्रत्यक्ष प्रेषिताचे बोलणे जर पडताळून पाहायचे असेल, तर आमच्यासारख्यांचे निश्चितच पाहायला हवे.

आमच्या गटात रविवारचाच उतारा पुन्हा घेतला जातो. आधी तो दोन वेगवेगळ्या व्यक्ती मोठ्याने वाचतात. पहिला बराच वेळ फक्त काय लिहिले आहे यावर जातो: कोण आहे, कुठे आहे, कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात, आधी काय घडले, काय अनपेक्षित आहे. मग लेखकाला काय म्हणायचे आहे याकडे वळतो, आणि आपल्याला काय करायचे हे सर्वांत शेवटी. गट चालवणाऱ्याला सर्वांत कठीण जाते ते गप्प बसणे. प्रश्न विचारल्यानंतर शांतता पसरली की स्वतःच उत्तर देण्याचा मोह होतो. तो आवरला तर थोड्या वेळाने कधीही न बोलणारी व्यक्ती बोलते, आणि ती बहुधा उताऱ्यात खरोखर असलेले काहीतरी दाखवून देते. एक नियम आम्ही कसोशीने पाळतो: 'मला असे वाटते' म्हणणाऱ्याने कोणत्या वचनावरून वाटते ते बोट ठेवून सांगावे.

स्तोत्रगायक

चर्चा शिक्षणाभोवती फिरते आहे, ते योग्यच आहे, तरीही गायनाला कोणी शिक्षण मानताना दिसत नाही म्हणून लिहितो. कलस्सैकरांस 3:16 मध्ये स्तोत्रे, गीते व आध्यात्मिक गायने यांच्या द्वारे एकमेकांना शिकवावे असे स्पष्ट म्हटले आहे. सुमारे 112 साली बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजानला कळवले की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात. परक्या अधिकाऱ्यालाही त्यांच्या गाण्यावरून त्यांचा विश्वास कळला होता.

म्हणूनच गीते निवडताना फक्त चाल व उत्साह पाहून भागत नाही. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विलापाची आहेत. 13 वे स्तोत्र 'किती काळ' असे चार वेळा विचारते. 88 वे स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. आपल्या उपासनेत सुरुवातीची सगळी गीते हर्षाची असतील, तर दुःखी मन घेऊन आलेल्या माणसाला इथे आपल्यासाठी शब्द नाहीत असे वाटेल. दिलासा यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे एक उत्तर इथे आहे: संदेश ठरलेल्या उताऱ्यावर होऊ द्यावा, पण स्तोत्र, गीते आणि मध्यस्थीची प्रार्थना त्या आठवड्याच्या दुःखाला वाट करून देऊ शकतात. त्यासाठी पाळक, वाचक व गायक यांनी निदान काही दिवस आधी एकत्र बसून उतारा वाचणे आवश्यक आहे. गायकांना उतारा रविवारी सकाळी कळत असेल तर हे जमणार नाही.

दिलासा

स्तोत्रगायक, हे मला मनापासून पटले. माझ्या प्रश्नाचे सर्व ओझे संदेशावरच टाकण्याची गरज नाही.

सेवानिवृत्त पाळक

आपण सर्वांनी वचनाच्या सेवेविषयी लिहिले. प्रभुभोजनाविषयीही दोन शब्द यावेत. प्रेषितांची कृत्ये 2:42 मध्ये शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना एकत्र आहेत. त्रोवसात आठवड्याच्या पहिल्या दिवशी पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, युतुख नावाचा तरुण तिसऱ्या मजल्यावरून पडला, तो जिवंत झाल्यावर भाकर मोडली गेली आणि बोलणे उजाडेपर्यंत चालले. कॅल्व्हिनची इच्छा प्रभुभोजन दर आठवड्याला व्हावे अशी होती. जिनीव्हाच्या नगरसभेने ते वर्षातून चार वेळा ठरवले. आजही काही मंडळ्या दर रविवारी, काही महिन्यातून एकदा ते पाळतात. वारंवारता काहीही असो, त्या दिवशी संदेश लांबला म्हणून मेजाजवळचा विधी घाईत आटोपला जाऊ नये. ज्या उताऱ्यावर शिकवले, त्यातील कृपा तिथे हातात ठेवली जाते.

संदेशाच्या तयारीविषयी तरुण सेवकांना एवढेच सांगेन की आधार घेण्याची पुस्तके उशिरा उघडा. सोमवारपासून उतारा पुन्हा पुन्हा वाचा, शक्य तर हाताने लिहून काढा. बुधवारपर्यंत तुम्हाला त्यात एकही अडचण दिसली नसेल, तर तुम्ही तो अजून वाचलेलाच नाही.

रविवारशाळा

लहान मुलांना संदेशाच्या आधी बाहेर नेण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे आणि मी स्वतः त्या वर्गात शिकवते. ग्लॉस्टरमध्ये 1780 साली रॉबर्ट रेक्स यांनी ज्या शाळा सुरू केल्या, त्या आठवडाभर काम करणाऱ्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी होत्या. मुलांना मंडळीपासून वेगळे ठेवणे हा त्यांचा हेतू नव्हता. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकात 31:12 मध्ये पुरुष, स्त्रिया, मुले आणि परके या सर्वांना नियमशास्त्र ऐकण्यासाठी जमवा असे सांगितले आहे. आम्ही आता वर्गात मोठ्यांचाच उतारा घेतो. मूल घरी गेल्यावर आईवडील व मूल एकाच गोष्टीविषयी बोलू शकतात, आणि माझ्या वर्गातील मुले मोठ्यांना न सुचणारे प्रश्न विचारतात. वादळाच्या प्रसंगात येशूच्या मचव्याबरोबर असलेल्या इतर मचव्यांचे काय झाले, हा प्रश्न एका मुलीने विचारला. मार्क 4:36 मध्ये ते मचवे आहेत, हे तिने लक्ष देऊन ऐकले होते.

वचनवाचक

आमच्या मंडळीने मार्कचे शुभवर्तमान घेण्याचे ठरवले आहे, त्यामुळे विभागणीविषयी थोडे लिहितो. अध्यायांचे आकडे 13 व्या शतकातील आहेत आणि नव्या करारातील वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 साली घातले. तेव्हा दर रविवारी एक अध्याय ही सोयीची वाटणारी वाटणी लेखकाची नाही. मार्क अनेकदा एका प्रसंगाच्या पोटात दुसरा प्रसंग ठेवतो. याईराची मुलगी आणि रक्तस्रावाने पीडित स्त्री (5:21-43) ही एकाच रविवारी वाचावीत: मुलगी बारा वर्षांची आहे, स्त्रीचे दुखणेही बारा वर्षांचे आहे, आणि त्या स्त्रीसाठी येशू थांबतो तेवढ्यात मुलगी मरते. अंजिराचे झाड आणि मंदिराचे शुद्धीकरण (11:12-25) हेही तोडू नये. उलट 13 व्या अध्यायाला दोन रविवार द्यावे लागले तर द्यावेत.

अभ्यासगट

मार्क घेणारच असाल तर शेवटाचा निर्णय आधी करून ठेवा. सिनाई व व्हॅटिकन ही चौथ्या शतकातील दोन महत्त्वाची हस्तलिखिते 16:8 ला संपतात. 16:9-20 हा भाग त्यांत नाही. ज्यांच्या हातातील प्रतीत त्या ठिकाणी कंस किंवा टीप आहे, ते विचारणारच.

सेवानिवृत्त पाळक

ती गोष्ट लपवू नये आणि तिचा गाजावाजाही करू नये. 16:1-8 वर पूर्ण संदेश द्यावा. स्त्रिया कबरेपासून पळाल्या, त्या भ्याल्या होत्या, आणि तरीही 'तो उठला आहे' ही वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचली होती, यावर शिकवण्यासारखे विपुल आहे. नंतरच्या वचनांविषयी हस्तलिखितांची वस्तुस्थिती साध्या शब्दांत सांगावी, आणि त्या आठवड्याचा अभ्यासवर्ग पूर्णपणे प्रश्नांसाठी मोकळा ठेवावा. शोधक यांना त्या वर्गाला अवश्य बोलवावे.